धाडच्या बाजारात मी टरबुजावर आळ घेतला

मी संशयी आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. द्राक्षं मी तीन पाण्यांतून काढते. सफरचंद नखाने खरवडून मेण निघतं का बघते. माझ्या प्रश्नांना कंटाळून एका दूधवाल्याने आमचं घर सोडलं आहे. आणि मागच्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या गाडीवरचं कलिंगड खाऊन माझ्या मुलीला, ऋचाला, तीन दिवस सलाइन लावावं लागलं, तेव्हापासून आमच्या घरात कलिंगड आलेलं नाही. डॉक्टर म्हणाले होते, "पाण्यानं झालं असेल, कशानंही झालं असेल." मी मात्र कलिंगडाला दोषी ठरवून मोकळी झाले होते.

पुण्याच्या ज्या शाळेत मी गणित शिकवते तिथेच वंदना विज्ञान शिकवते. तिचं माहेर बुलढाणा जिल्ह्यात, धाडजवळच्या एका खेड्यात. डब्यातल्या काकडीवर मी रोज करत असलेली चौकशी ऐकून ती एकदा वैतागली. "या सुट्टीत तू माझ्या आईकडे चल. धाडचा आठवडी बाजार बघ. ज्यानं पिकवलं त्याच्याच हातून घे आणि खा."

"ज्यानं पिकवलं तोच विकतो, हे कशावरून?" मी विचारलं.

तिने डब्याचं झाकण लावलं आणि दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली. संध्याकाळी मीच तिला फोन केला आणि मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जायचं ठरलं.

तुम्हाला जायचं असेल तर मार्ग सांगते. पुण्याहून आम्ही सकाळी सहाची जालन्याची एसटी धरली. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं असल्यामुळे खिशाला फार चाट बसत नाही. दुपारी जालन्यात उतरलो आणि तिथून भोकरदनमार्गे बुलढाण्याकडे जाणारी गाडी घेतली. धाडपर्यंत दोन-अडीच तास लागतात. मुंबई किंवा नागपूरकडून येणाऱ्यांना रेल्वेने मलकापूरला उतरून बुलढाणा आणि तिथून धाड सोयीचं पडतं. उन्हाळ्यात जाणार असाल तर खिडकीची जागा धरू नका. खिडकीतून वारा येत नाही, वाफ येते. डोक्याला बांधायला सुती पंचा घ्या. आणि बाजाराचा वार आधी कुणाला तरी विचारून घ्या, नाहीतर मोकळं मैदान बघून परत याल.

भोकरदनच्या स्टँडवर गाडी थांबली, तेव्हा एका बाईने खिडकीतून काकडीच्या फोडी पुढे केल्या. वर तिखट-मीठ भुरभुरलेलं. वंदनाने दोन द्रोण घेतले. मी माझा तिला परत दिला.

"काय झालं?"

"पाणी कुठलं मारलंय त्याच्यावर?"

"सोनाली, ही काकडी आहे. तिच्या आतच पाणी असतं," वंदना म्हणाली आणि दोन्ही द्रोण तिनेच संपवले.

धाडला उतरून जीपने तिच्या गावात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती. जीपमध्ये बारा माणसं बसवल्याखेरीज गाडी हलत नाही. घाई असेल तर दोन जागांचे पैसे द्या, माणसं लवकर भरल्यासारखी होतात. वंदनाची आई, कौसल्यामावशी, अंगणवाडी सेविका म्हणून निवृत्त झालेली. त्यामुळे अर्ध्या पंचक्रोशीला तिने मांडीवर बसवून खिचडी भरवलेली आहे. जीपचा ड्रायव्हरसुद्धा "जयभीम मावशी" म्हणून आमच्या पिशव्या दारापर्यंत आणून ठेवून गेला. ओसरीवर बुद्धाची तसबीर, खाली पाण्याचा माठ, आणि मावशीने आधीच करून ठेवलेलं कैरीचं पन्हं.

"मावशी, कैरी कुठली?" मी ग्लास हातात धरून विचारलं.

"झाडाची," मावशी म्हणाली. "अजून कुठली असन, बाई?"

वंदना एवढी हसली की तिला ठसका लागला. मी पन्हं प्यायले. ते फार छान होतं. जेवायला भाकरी, शेवग्याच्या शेंगांचं वरण, मिरचीचा ठेचा आणि चिरलेला पांढरा कांदा होता. शेवगा परसातलाच होता, मी जाऊन झाड पाहून आले. हे मी अभिमानाने सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी बाजार. मावशी म्हणाली, "सकाळीच जाऊ, उन्हाच्या आत." साडेआठला आम्ही पोचलो तेव्हा बाजार अर्धा भरला होता. मी शहरातला 'शेतकरी बाजार' पाहिला आहे. तिथे ज्यूटच्या पिशव्या असतात, भाज्यांना पाट्या असतात आणि प्रत्येक पाटीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं असतं. इथे पाटी एकही नव्हती. जमिनीवर गोणपाट, वर चार बांबूंना बांधलेली साडी किंवा ताडपत्री आणि खाली माल. पोपटी गवार, काटेरी देठांची वांगी, कोवळी दोडकी. कैऱ्यांचे तर डोंगर, आणि शेजारी लोणच्यासाठी कैरी फोडून देणारा अडकित्तेवाला. एका आजीबाईकडे टेंभरं होती, डोंगरातून वेचून आणलेली, पिवळीधम्मक, चिकूपेक्षा लहान. मिरच्यांच्या ओळीतून जाताना सगळेच शिंकत होते.

हे सगळं मी पाहिलं, पण खरं सांगायचं तर मी पाहायला आलेच नव्हते. मी पकडायला आले होते. माझ्या पर्समध्ये कापसाची गुंडाळी होती. कापलेल्या कलिंगडावर कापूस फिरवायचा, कापूस लाल झाला की रंगाचं इंजेक्शन दिलेलं आहे असं समजायचं, असा एक व्हिडिओ मी मोबाईलवर पाहिला होता. वंदनाला हे सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे ज्याला कलिंगड म्हणतात त्याला इथे टरबूज म्हणतात. बाजाराच्या वडाकडच्या कडेला टरबुजांचा सगळ्यात मोठा ढीग एका बाईंचा होता. साठीच्या असतील. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात लांब पात्याचा चाकू. मावशीने ओळख करून दिली. या पार्वताबाई, नदीकाठच्या मळ्यात माळवं लावतात, मुलगा आणि सून मळ्यात आणि बाजार यांच्याकडे. मोठं टरबूज चाळीसला, मधलं तीसला.

"घ्या बाई, खाऊन पाहा. गोड नसन तं पैसे नोका देऊ," म्हणत त्यांनी एक फोड माझ्यापुढे धरली.

ती फोड इतकी लाल होती की मला त्या रंगाचाच संशय आला. मी पर्समधून कापूस काढला आणि फोडीवर फिरवला. कापूस गुलाबी झाला.

"रंग येतोय," मी म्हणाले.

मी हळू बोलायला हवं होतं. पण मी वर्गात चाळीस मुलांपुढे बोलणारी बाई. माझा आवाज सहज दोन ओळी पलीकडे जातो. शिवाय माझ्या एका हातात वही होती आणि गळ्यात शाळेच्या ओळखपत्राची निळी दोरी. मोबाईल अडकवायला बरी म्हणून मी ती नेहमी वापरते. आजूबाजूच्यांनी कापूस पाहिला, वही पाहिली, दोरी पाहिली.

"भेसळवाल्या मॅडम आल्या," कुणीतरी म्हणालं.

एका मिनिटात वीसेक माणसं जमली. ज्याने टरबूज पिशवीत घातलं होतं त्याने ते परत ढिगावर ठेवलं. कडेवर लेकरू घेतलेल्या एका बाईने लेकराच्या हातातली फोड काढून फेकली आणि ते भोकाड पसरून रडायला लागलं. समोर आंब्यांचे क्रेट मांडून बसलेला एक जाडसा माणूस उठून आला आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात बोलायला लागला.

"असंच असते हे! लोकायच्या जीवाशी खेळ! आपल्या लेकराले चारन का ही बाई हे टरबूज?"

पार्वताबाईंना आधी काय झालंय तेच कळलं नाही. कळलं तेव्हा त्या माझ्या हातातल्या कापसाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाई, लाल टरबुजाचा रस लाल नाही तं काय पांढरा निंघन?"

मग त्यांनी चाकू उलटा करून मूठ माझ्याकडे केली. "तुमीच निवडा. खालून काढा, वरून काढा. तुमीच कापा."

मी ढिगाच्या अगदी तळातून एक टरबूज ओढून काढलं. साल तपासली. सुईचं भोक, डाग, काहीच नव्हतं. कापलं. कापूस फिरवला. गुलाबी. दुसरं कापलं. गुलाबी. तेवढ्यात दोडकी घ्यायला गेलेली वंदना गर्दी कापत आत आली आणि तिने माझ्या हातातला कापूस हिसकावून घेतला.

"रसात कापूस बुडवल्यावर तो ओला होणारच आणि गुलाबीही होणार," ती दात आवळून म्हणाली. "मी सातवीच्या मुलांना हे शिकवते. रंग घातलेला असता तर कापूस भडक लाल झाला असता. हा बघ, कसा फिकट आहे."

तो फिकटच होता. मला तो पहिल्यांदाही फिकटच दिसला होता. पण तेव्हा मला लाल पाहायचा होता.

मी वळून लोकांना म्हणाले, "माझं चुकलं हो. टरबूज चांगलं आहे. मी कुठली मॅडम नाही, मी शिक्षिका आहे. घ्या तुम्ही."

कुणी हललं नाही. मागून एक पोक्त आवाज आला, "आता काऊन पलटल्या? बाईनं काही देलं वाटते."

हसू उसळलं. मला वाटलं, जमिनीने पोटात घ्यावं. पाच मिनिटांपूर्वी या माणसांनी माझ्या एका वाक्यावर विश्वास ठेवला होता, कारण ते वाक्य वाईट होतं. आता मी चांगलं सांगत होते तर त्यावर कुणाचा विश्वास नव्हता. आणि मी तरी कुठल्या तोंडाने तक्रार करणार? मीही तशीच आहे. गर्दी पांगली आणि पांगताना ती गोष्ट बाजारभर घेऊन गेली. अकरा वाजले तरी पार्वताबाईंच्या ढिगासमोर गिऱ्हाईक नव्हतं. दूरवरून लोक बोट दाखवत आणि वळून दुसरीकडे जात.

मावशीने ढिगावर आलेलं ऊन पाहिलं. म्हणाली, "पार्वता सकाळी पाचला टेंपो भरून आली. न विकलेला माल परत न्याले भाडं पुन्हा लागते. अन् उद्यापर्यंत या उन्हात टरबूज उकडून जाते आतून." एवढंच. ती मला रागावली असती तर बरं झालं असतं.

मी म्हणाले, "सगळी टरबुजं मीच विकत घेते."

पार्वताबाईंनी मान हलवली. "अन् मंग? लोक म्हनतीन, पकडली गेली म्हनून मॅडमनं माल जप्त केला. नोको."

त्यांचं बरोबर होतं. शेजारी कांद्याच्या पोत्यावर पांढरी टोपी घातलेले एक आजोबा बसले होते. सगळा तमाशा त्यांनी पाहिला होता. ते म्हणाले, "बाई, मंग तुमीच खा ना. इथंच बसा. घंटाभर पाहू आम्ही."

त्यांनी चेष्टाच केली होती. पण मी खाली बसले. गोणपाटावर, पार्वताबाईंच्या शेजारी, लोकांकडे तोंड करून. म्हणाले, "द्या."

त्यांनी मघाशी मीच कापलेल्या टरबुजाची एक मोठी फोड दिली. ती हातात घेतल्यावर मला ऋचाचा सलाइन लावलेला हात आठवला. हे कापलेलं टरबूज केव्हापासून उघड्यावर होतं, माश्या बसल्या असतील, चाकू कुठल्या पाण्याने धुतला असेल, हे सगळं मनात येऊन गेलं. पार्वताबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या नजरेत विनवणी नव्हती. ही बाई खाते की नाही, एवढंच त्या बघत होत्या. त्यांनाही आता माझा संशय होता.

मी खाल्लं. वर्षभराने. गोड, रवाळ, बियांचं, आणि आतून आश्चर्य वाटावं इतकं गार. एक फोड संपवली, दुसरी घेतली, मग तिसरी. कोपरापर्यंत रस ओघळला. समोर पुन्हा माणसं जमली, पण या वेळी लांब उभी राहिली. वंदना माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिनेही एक फोड उचलली. मावशी बसली. टोपीवाले आजोबा मोबाईलमध्ये वेळ बघत होते.

बाजारात असं बसून पाहा कधी. आपण माल झाल्यासारखं वाटतं. एक बाई माझे डोळे वाकून बघून गेली. एकाने विचारलं, "मळमळते का?" अर्ध्या तासाने आजोबांनी जाहीर केलं, "बाई अजून टुणटुणीत हाये!" लोक हसले, आणि या वेळी ते हसू वेगळं होतं. मघाची लेकरूवाली बाई पुन्हा आली. तिने फोड मागितली नाही, अख्खं टरबूज मागितलं आणि वाजवून घेतलं. मग दुसरं गिऱ्हाईक आलं. दुपारी दोनपर्यंत ढीग निम्म्याहून खाली आला. चाळीसचं टरबूज शेवटी पंचवीसला गेलं. उरलेली पार्वताबाईंनी दोन रसवंतीवाल्यांना ज्या भावात दिली, तो भाव त्यांनी मला सांगितला नाही.

मी पुन्हा माफी मागितली. त्या चाकू पुसत म्हणाल्या, "आज भागलं. पन पुढच्या बाजाराले लोक इचारतीनच."

निघताना आम्ही आंबेवाल्याच्या क्रेटांजवळून गेलो. तोच, मघाशी मोठ्या आवाजात बोलणारा. तो एका गिऱ्हाइकाला आंबे मोजून देत होता आणि त्यासाठी त्याने क्रेटवरची ताडपत्री उचलली होती. आत आंब्यांच्या मधोमध कागदाच्या छोट्या पुड्या खोचलेल्या होत्या. लसणासारखा उग्र वास आला. आंबे कार्बाइड घालून पिकवले की असाच वास येतो, हे मला पक्कं माहीत होतं. या एका बाबतीत माझा अभ्यास बरोबर होता. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ताडपत्री सोडली.

मी पुढे चालत राहिले. आज इथे माझ्या शब्दाला कोण विचारणार होतं? मी पुन्हा ओरडले असते तर लोकांनी आणखी एक तमाशा म्हणून पाहिला असता, आणि तो सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडला असता. फोटो काढावा तर ताडपत्री खाली गेलेली.

जीपमध्ये मी मावशीला सांगितलं. तिला काहीच नवल वाटलं नाही. "आम्हाले माहीत हाये त्याचं. गावातलं कोनी घेत नाही त्याच्यापासून. रस्त्यानं जानारे गाडीवाले घेतात."

"मग तुम्ही कुणी बोलत का नाही?"

मावशीने मांडीवरची पिशवी सावरली. मग म्हणाली, "बोलाले पाह्यजे. खरं हाये तुमचं."

दुसऱ्या दिवशी परतीची गाडी होती. मावशीने पिशवीत कैऱ्या, गवार आणि शेवग्याच्या शेंगा भरून दिल्या. भोकरदनला गाडी थांबली तेव्हा काकडीवाली दिसली नाही. त्या दिवशी दिसली असती तर मी घेतली असती का, ते सांगता येत नाही. पोटाला काहीही झालं नाही, हे विचारणाऱ्यांसाठी लिहून ठेवते.

घरी आल्यावर आंब्यांबद्दल ऑनलाइन तक्रार केली, बाजार आणि जागा लिहून. पोच आली. पुढे काय झालं ते अजून कळलेलं नाही. माझा स्वभावही बदललेला नाही. कालच मी चिंच विकणाऱ्याला पाच प्रश्न विचारले. पण हळू आवाजात, आणि बाजूला घेऊन. त्या बाजाराला जाणाऱ्यांना माझा हाच सल्ला आहे. शंका असेल तर जरूर विचारा, माल उलटून बघा, नको वाटला तर घेऊ नका. पण विचारण्याआधी आजूबाजूला किती कान आहेत ते मोजा. तुम्ही संध्याकाळच्या गाडीने निघून जाता. समोरचा माणूस पुढच्या आठवड्यात त्याच जागेवर येऊन बसणार असतो.

पुढच्या बाजाराच्या आदल्या दिवशी मला राहवेना. मावशीकडून नंबर घेऊन मी पार्वताबाईंना फोन केला. आधी त्यांना ओळख पटली नाही. मग म्हणाल्या, "हाव, हाव. बोला."

मी म्हणाले, "उद्या मी येऊ का? रात्रीच्या गाडीने बसते. तुमच्याशेजारी दिवसभर बसते, लोकांना सांगते, पुन्हा खाऊन दाखवते."

त्यांच्या मागे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. मग त्या अगदी समजुतीच्या सुरात बोलल्या, लहान मुलाला समजावतात तशा.

"नोका येऊ, बाई. तुमी आल्या की लोक इचारतीन, आता काऊन आली?"

मी गेले नाही.